माशापासून माझ्यापर्यंत

२ ऑगस्ट, शनिवार

ईश्वरीचा पुण्याहून फोन. स्मिताने स्पीकरवर ठेवला होता, हे ईश्वरीला माहीत नव्हतं. मी शेजारच्या खोलीत बूट शोधत होतो. मुलगी आईला म्हणाली, बाबांशी बोलण्यात अर्थच नाही गं, ते ऐकतच नाहीत. पुढचं ऐकलं नाही, कारण बूट सापडला.

मनाला लागलं. दिवसभर लागलेलंच होतं. मुलगी झूलॉजीत एम.एस्सी. करते म्हणजे बाप अडाणी असं होत नाही. एकतीस वर्षं मी तळोज्याच्या केमिकल कंपनीत आहे. स्टोअर्समध्ये असलो तरी कंपनी केमिकलचीच आहे.

संकल्प: गणपतीला ती घरी येईल तेव्हा असं काहीतरी दाखवायचं, की तिने आपणहून माझ्याजवळ बसून गप्पा माराव्यात. लहानपणी मारायची तशा.

३ ऑगस्ट, रविवार

सोसायटीत गणपतीची मीटिंग. देखाव्याची जबाबदारी घ्यायला कोणी हात वर करेना. मी केला. विषय जाहीर केला: उत्क्रांती. शांतता पसरली. लोक भारावले असावेत.

सेक्रेटरी अभिराम आयटीत आहे, मीटिंगमध्येही त्याच्या एका कानात काहीतरी खुपसलेलं असतं. तो म्हणाला, काका, एकदम हटके, करून टाका, टेन्शन नाय.

आराखडा तयार. डावीकडे जगातल्या सगळ्या धर्मांच्या उत्पत्तिकथा, प्रत्येकीवर लाल फुली. उजवीकडे विज्ञानाची शिडी: खाली मासा, मग बेडूक, डायनासोर, माकड, आदिमानव, सगळ्यात वर आधुनिक माणूस. मध्ये गणपती, कारण वर्गणी त्याच्या नावाने जमते. करंजाड्यात असं आजवर झालेलं नाही. पनवेलातही नसावं.

५ ऑगस्ट

उत्क्रांतीवरचा मूळ इंग्रजी ग्रंथ मागवला. जाड आहे. रोज पन्नास पानं.

६ ऑगस्ट

पान अकरा. सगळं कबुतरांबद्दल आहे. आमच्या डक्टमध्ये कबुतरं आहेत, त्यामुळे हा विषय मला अनुभवाने माहीत आहे. पुढे गेलो नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज जगातल्या सर्व धर्मांचा अभ्यास. ऑफिसातच उरकला. चीनमध्ये अंड्यातून राक्षस निघाला. आपल्याकडेही अंडंच आहे, पण सोन्याचं. नॉर्वेकडे एका गायीने बर्फ चाटला आणि आतून माणूस निघाला. जैन आणि बौद्ध म्हणतात, जग असं कोणी निर्माण केलेलंच नाही. यांच्यावर फुली कुठे मारायची कळेना. यांना वगळलं.

संध्याकाळी फील्डवर्क. शेजारच्या खलीलभाईंकडे गेलो. मूळचे श्रीवर्धनकडचे, इलेक्ट्रिकचं दुकान, दरवर्षी आमच्या गणपतीचं लायटिंग तेच करतात. त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं की माणूस माकडापासून झाला. त्यांनी चहा ओतला. म्हणाले, मधूभाऊ, आमचे बाबा आदम, तुमचं माकड. ज्याचे त्याचे पूर्वज, आपण काय बोलणार?

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मारियाबाई. देवाने सहा दिवसांत जग केलं हे शक्य आहे का, असं स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, आपल्या लिफ्टचं काम मेपासून चाललंय ते शक्य वाटतं का तुम्हाला?

दोघंही निरुत्तर झाले, असं माझं मत.

१० ऑगस्ट, रविवार

ईश्वरीला मुद्दाम फोन करून शिडीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, बाबा, शिडी नसते हो, झाड असतं. माणूस माकडापासून नाही झाला, दोघांचा पूर्वज एक. मी म्हटलं, हो हो, मला माहीत आहे, आणि तिला सगळं पहिल्यापासून नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, ठेवते.

प्रभाव पडतोय.

१७ ऑगस्ट, रविवार

कल्पना सुचली तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. पुठ्ठ्याचा मासा कशाला? जिवंत दाखवू. पाण्यातून बाहेर येऊन चिखलात चालणारा मासा आपल्याच खाडीत आहे: निवटी. विज्ञानाचा जिताजागता पुरावा. परदेशात याच्यासाठी म्युझियम काढतील. आपण रस्सा काढतो.

स्कूटर काढून दिवाळ्याच्या कोळीवाड्यात गेलो. एका कोळणीकडे टोपलीत वळवळत होत्या. ती म्हणाली, घे दादा, जित्या हायेत, कालवन बेस होतं. मी तिला म्हटलं, मला खायच्या नाहीत, त्यांची उत्क्रांती दाखवायची आहे. तिने दोन जास्त टाकल्या. मला वाटतं, कीव आली.

बादली बाथरूममध्ये ठेवली. स्मिता देवळात गेली आहे. आली की सांगू.

१८ ऑगस्ट, सोमवार

सांगायचं राहिलं.

पहाटे स्मिता आंघोळीला गेली तेव्हा एक निवटी टाइल्सवर चढून तिच्याकडे बघत होती. स्मिताच्या किंकाळीने वरच्या मजल्यावरचे उठले. शास्त्रीय महत्त्व समजावू लागलो. ती म्हणाली, श्रावण संपायला आठवडा राहिलाय, तेवढा धीर धरवला नाही तुम्हाला? तोही श्रावणी सोमवारी? कुठे जाऊन तळून खाणार होतात?

तीस वर्षांच्या संसारात हा विश्वास.

बादली खलीलभाईंच्या बाल्कनीत. ते दुकानावर होते. त्यांच्या आई, खदीजाबी, दारात होत्या. मी म्हटलं, या तुमच्याकडे ठेवा. ऑफिसला उशीर होत होता, जास्त बोललो नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

जास्त बोलायला हवं होतं.

खलीलभाई स्वतः बोलवायला आले. टेबलावर निवट्यांचं कालवण. खदीजाबी म्हणाल्या, श्रावणात तुमी खात नाय, म्हनून आमच्याकडं पाठवल्यात ना? किती जीव लावता हो शेजाऱ्यांना.

खलीलभाईंनी माझ्यासमोरही ताट ठेवलं. म्हणाले, मधूभाऊ, तुमी तर देवाधर्माचं मानत नाय, मग श्रावण कसला? मुद्दा तर्काला धरून होता. केवळ तर्कासाठी खाल्लं. दोनदा घेतलं.

स्मिताला सांगितलं नाही. तिने शर्टाचा वास घेतला आणि तो भिजत टाकला.

२४ ऑगस्ट, रविवार

पुन्हा दिवाळे. तीच कोळीण. उत्क्रांती झाली का रे दादा, असं तिने विचारलं. या वेळी काचेची पेटी, चिखल, जाळीचं झाकण. पेटी थेट मंडपात ठेवली.

नावड्याचा डेकोरेटर आला. डायनासोर भाड्याने मिळत नाही, वराह आहे म्हणाला. बेडूक त्याच्याकडचा फुटला होता, म्हणून कासव आणलं. आदिमानव त्याच्याकडे नाही, पण अर्धा प्राणी अर्धा माणूस असा नरसिंह आहे. अर्धा तर अर्धा. माकड म्हणून मारुती. गदा काढायला सांगितली, तर ती हातालाच जोडलेली निघाली. कापडाने झाकली.

तडजोडी किरकोळ आहेत. आशय शाबूत आहे.

शेवटच्या पायरीसाठी आधुनिक माणसाचा कटआउट हवा होता. वेळ नव्हता, माझाच फोटो दिला. स्कूटरवरचा, हेल्मेटसकट.

२६ ऑगस्ट, मंगळवार

संकट. कमिटीतल्या शर्मिलाबाईंनी गणपतीसमोर मासे म्हणून मंडपात यायचंच नाकारलं. आठ-दहा जणी त्यांच्यामागे. मी तत्त्वासाठी राजीनामा द्यायला तयार होतो. कमिटी तो घ्यायलाही तयार होती. इतक्यात अभिराम कानातलं न काढता म्हणाला, काकू, फिश नाय, मत्स्य अवतार आहे. शर्मिलाबाई म्हणाल्या, असं आधी सांगायचं ना.

मी खंडन करणार होतो. पण ईश्वरी संध्याकाळच्या बसने येणार होती आणि मंडप रिकामा दिसला असता. तात्पुरतं मौन पाळलं. विज्ञानात याला गृहीतक म्हणतात.

डावीकडचा फ्लेक्सही आला. अभिरामने छापायला देताना लाल फुल्या काढल्या, म्हणाला लफडं होईल. वर शीर्षक: सर्वधर्मसमभाव. कबुतरं उडताहेत. खाली वॉर्डातल्या सगळ्या भावी नगरसेवकांचे फोटो हात जोडून. नॉर्वेची गाय आहे, पण तिच्या कपाळाला कुंकू लावलंय.

ईश्वरी आली. मंडप बघितला. बराच वेळ बघितला. मी विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, चहा घेऊ या का आधी?

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

सकाळपासून रांग. गणपतीपेक्षा निवटीला. काचेवर हळदीकुंकू. चिखलात दूर्वा, एक मोदक. निवटी मोदकावर चढून बसली तेव्हा लोकांनी प्रसन्न झाली म्हणून टाळ्या वाजवल्या. ईश्वरीने तो मोदक काढला आणि पेटीशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसली. दिवसभर. लोकांना निवटीबद्दल काही सांगत होती, मुलं ऐकत होती. मीही तिथे गेलो आणि तिचं बोलणं पुढे नेलं. मुलं पांगली.

माझ्या कटआउटला कल्की समजलेत. घोड्याऐवजी स्कूटर, हेल्मेट म्हणजे मुकुट. दुपारी कोणीतरी हार घातला. चार वाजता स्मिताला दोन सांत्वनाचे फोन आले.

खलीलभाई लायटिंगचा एक बल्ब बदलायला आले. पेटीत वाकून बघितलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, मधूभाऊ, आमच्याकडं या गेल्या तेव्हा कालवण, इथं आल्या तर देव. नशीब एकेकाचं.

३० ऑगस्ट, शनिवार

वॉर्डस्तरीय स्पर्धेत आमच्या सोसायटीला पहिलं बक्षीस. उत्कृष्ट पौराणिक देखावा.

भाषण तयार होतं. पहिलंच वाक्य जळजळीत होतं. पण माईक पाहुण्यांनी सोडला नाही, आणि मग माझ्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. दोन्ही हात अडकलेले असताना माणूस क्रांती कशी करणार? वाकून नमस्कार केला. तो वैज्ञानिक नमस्कार होता, हे जाणकारांनी ओळखलं असेल.

ईश्वरी मागच्या रांगेत होती. टाळ्या वाजवत होती की नाही ते दिसलं नाही.

शाल चांगली आहे.

३१ ऑगस्ट, रविवार. विसर्जन

शर्मिलाबाईंना निवट्या गणपतीबरोबर कृत्रिम तलावात सोडायच्या होत्या. ईश्वरी पहिल्यांदाच चिडलेली पाहिली. म्हणाली, मरतील त्या. पेटी उचलली आणि मला म्हणाली, बाबा, स्कूटर काढा.

मला. अभिरामला नाही, खलीलभाईंच्या टेम्पोला नाही. मला म्हणाली.

दिवाळ्याला गेलो. ओहोटी होती. तिने एकेक निवटी चिखलावर सोडली. त्या उड्या मारत गेल्या. पाच दिवसांच्या देवपणाचा त्यांच्यावर काही परिणाम दिसला नाही.

मग आम्ही तिथेच एका उलट्या होडीवर बसलो. मी म्हटलं, लोकांना काही कळलं नाही, उत्क्रांती दाखवली तर दशावतार बघून गेले. ती म्हणाली, नाही बाबा, लोकांनी बरोबर ओळखलं. मासा खाली, माणूस वर, सगळी सृष्टी आपल्यापर्यंत पोचायला धडपडतेय, ही उत्क्रांती नव्हेच. तुमचा देखावा विज्ञान म्हणून चूक होता, दशावतार म्हणून, मारुती सोडला तर, अगदी बरोबर. बक्षीस योग्य मिळालं.

खरं सांगायचं तर मनाला लागलं. तरी विचारलं, मग तुझं ते झाड कसं असतं?

तिचा चेहरा एकदम उजळला. शाळेतून आल्यावर व्हायचा तसा. काडी घेऊन चिखलात झाड काढायला लागली. फांदीला फांदी, तिला फांदी. ही निवटी, हा बेडूक, हे माकडांचं घराणं. कोणी वर नाही, कोणी खाली नाही, सगळे आजच्या टोकावर. मी विचारलं, माणूस कुठे? तिने एका बारीक फांदीच्या टोकाला ठिपका दिला. निवटीच्या ठिपक्याएवढाच.

मी काडी घेऊन तो ठिपका जरा मोठा केला.

आणि मग इतका आनंद झाला होता की राहवेना. मी तिला थांबवलं आणि हे झाड खरं कसं असतं ते तिला पहिल्यापासून समजावून सांगितलं. कबुतरांपासून. भरती यायला लागली, झाड पुसलं गेलं, तरी मी सांगत होतो. तिने हात धुतले आणि पेटी धुतली. म्हणाली, आई वाट बघत असेल.

तीन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो.

१ सप्टेंबर, सोमवार

ईश्वरीला कळंबोलीला पुण्याच्या बसमध्ये बसवलं. ती आणखी दोन दिवस राहणार होती, पण लॅबमध्ये काम निघालं म्हणे.

बस सुटेपर्यंत झाडाचं राहिलेलं मी खिडकीखाली उभं राहून सांगत होतो. महत्त्वाचा भाग आता कुठे येत होता. तिने मान हलवली, हसली आणि इअरफोन कानात घातले.

या पिढीचं हेच वाईट वाटतं. ऐकतच नाहीत.