नावाची ओळ

अण्णा, शनिवारी दिवेआगरला तुमचं गाणं गायले. तुमचं म्हणतेय ते फक्त इथे, या कागदावर. बाकी सगळीकडे शब्द माझे आणि चालही माझीच असते, आणि लोकांना तेच ठाऊक आहे.

एका वाडीतल्या होमस्टेचा कार्यक्रम होता. वादळात पोफळी पडल्या तिथे मालकांनी पुन्हा लावल्या नाहीत. त्या मोकळ्या जागेत आता खुर्च्या मांडतात आणि संध्याकाळी दोन गाणारे बोलावतात, स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारे. आधी एकाने चार गाणी म्हणायची, मग दुसऱ्याने. तुम्ही असता तर म्हणाला असता, ह्यात नवं काय? तुमच्या शक्ती-तुऱ्यात हेच तर होतं. एका मांडवात दोन शाहीर, आळीपाळीने आपापली रचना म्हणणार, दुसऱ्याला सवाल टाकणार. फरक एवढाच की तुम्ही एकमेकांचे वाभाडे काढायचात आणि आम्ही गळ्यात पडून फोटो काढतो.

माझ्याबरोबर न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात नोकरी करणारा एक तिशीतला गायक होता. त्याला एक खोड. प्रत्येक गाण्याआधी ते कुठून आलं ते सांगून टाकतो. "हे माझ्या आजीच्या शिव्यांवरून उचललंय. तिला कळलं तर अजून दोन मिळतील." लोक हसत होते आणि बाजूला उभी राहून मला घाम फुटत होता. माझी पाळी त्याच्यानंतर होती.

तुम्ही गवंडी. गिलावा करायच्या आधी कच्च्या भिंतीवर पेन्सिलीने ओळ लिहायची, काम करता करता ती घोळवायची, आणि पाठ झाली की तिच्यावर गिलावा. आई म्हणायची, "घर लोकांचं नि वही तुमची." आपल्या तळा गावातल्या किती भिंतींच्या पोटात तुमची कडवी आहेत, देव जाणे. कागदावर एकही नाही. माझ्या तोंडात राहिलं तेवढंच वाचलं.

शाळेच्या गॅदरिंगचा दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाई घड्याळाकडे बोट दाखवतात आणि मी तुमच्या याच गाण्याची तीन कडवी म्हणून उतरते. चौथं राहतं. त्यातच तर शाहिराने गुरूचं, गावाचं आणि अगदी शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घ्यायचं असतं. तुम्ही कामावरून तसेच आलेले, पायांवर सिमेंट. घरी चुलीपुढे बसल्यावर म्हणालात, "नाव न्हाय घेतलंस तर गानं म्हंजे मोकाट ढोर. कोनी पन हाकून न्यावं." मी गाल फुगवून बसले होते. तुमचं गाणं नेणार कोण, असंच मला तेव्हा वाटलं.

मीच नेलं. मुंबईत रेकॉर्ड करताना चौथं कडवं कापायला मला कुणी सांगितलं नव्हतं. मला लाज वाटली, अण्णा. त्या फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्यांपुढे आपल्या गावाचं आणि एका गवंड्याचं नाव घ्यायची लाज. कडवं गेलं, त्याच्याबरोबर नाव गेलं, आणि फॉर्मवर रचनाकार म्हणून मी आपली सही केली. तेव्हापासून एक छळ मागे लागलाय. तिसरं कडवं संपलं की माझ्या मागून कुणीतरी मोठा श्वास घेतं. नाव घ्यायच्या आधी तुम्ही घ्यायचात तसाच, विडीने खरखरलेला. पुण्यात गायले तरी, नाशकात गायले तरी. मग मी घाईने गिटारची शेवटची तार छेडते, टाळ्या सुरू होतात आणि त्या आवाजात तो श्वास बुडतो. सहा वर्षं मी टाळ्यांची वाट अशी बघत आलेय.

शनिवारी तार छेडायच्या आधीच चौथं कडवं सुरू झालं. खरोखरच्या आवाजात, शेवटच्या रांगेतून. मान वर करून बघायचाही धीर होईना. मग आवाज ओळखला. तुमचे झीलकरी काका, जन्मभर तुमच्या मागे उभे राहून ध्रुवपद उचलून धरणारे. सुनेने त्यांना गाडीत घालून आणलं होतं. डोळे मिटून, खुर्चीचा हात घट्ट धरून गात होते. गुरूचं नाव झालं. गावाचं झालं. आणि शेवटच्या ओळीपाशी ते थांबले. झीलकऱ्याने शाहिराचं नाव घ्यायचं नसतं, ते शाहिराने घ्यायचं, नाहीतर त्याच्या लेकराने. काकांनी ती जागा माझ्यासाठी मोकळी सोडली होती.

बोटं आपोआप सूर धरून होती. नाव ओठांवर आलं होतं, अगदी दातांशी. पण घेतलं असतं तर कुणीतरी विचारलंच असतं, हे कोण? मग सहा वर्षांचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी तार छेडली आणि हात जोडले. टाळ्या पडल्या, नेहमीपेक्षा जास्त. लोकांना वाटलं, हे आमचं आधीच ठरलेलं.

खाली उतरल्यावर तो यार्डवाला धावत आला. "ताई, तो लास्टवाला पार्ट एकदम कडक! कोणाचा आहे?"

"पारंपरिक आहे," मी म्हटलं.

काका काठी टेकत आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "इसरलीस व्हय गो? मी थांबलो व्हतो तुज्यासाठी. जाऊं दे, व्हतं आसं. माजं बी व्हतंय आता." एवढा म्हातारा माणूस माझीच समजूत घालत होता. मी खाली बघत म्हटलं, "व्हय काका. इसरले."

ते अजून तळ्यालाच राहतात. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, पण त्यांना जाऊन वाचून दाखवता येईल. मी राहते त्या पनवेलहून एसटीने तीन तास. मी जाणार नाही, तेवढी छाती नाही माझी. म्हणून तुम्हालाच सांगते. मी विसरले नव्हते, अण्णा.