छातीतली बॅटरी

कार्लस्टाड, २ सप्टेंबर

ती. टिराताईस शि. सा. न.

अठ्ठावीसच्या तुझ्या सत्तरीचं आमंत्रण पोचलं, पण येणं जमेलसं दिसत नाही. गुडघा कुरकुरतोय, छपराला रंग द्यायचाय, शिवाय शेजारीणबाई मुलीकडे गेल्यात आणि त्यांचं मांजर माझ्या गळ्यात. तू म्हणशील, वायरमन भाऊ अजून रुसलाय. तसं नाही. चाळीस वर्षं मी गावभर विजेच्या तारा ओढल्या आणि विजेजवळ डोकं दुखतं म्हणून सख्ख्या बहिणीलाच त्या तारांपासून लांब जंगलात राहायला जावं लागलं, हे मनाला लागलं होतं खरं. पण त्याला आता सहा वर्षं झाली.

माया पातळ करू नकोस.
तुझा एवाल्ड

जंगलातून, ९ सप्टेंबर

चि. एवाल्डला आशीर्वाद.

ते मांजर दोन वर्षांपूर्वी मेलं. खड्डा तूच खणलास आणि कंबर धरली म्हणून मला पानभर रडगाणं लिहिलंस. माझ्याकडे दिवा नसला तरी मेणबत्तीपाशी मी तुझी पत्रं चारचारदा वाचते. मोबाइल गाडीत ठेव, गाडी डांबरी रस्त्यावर ठेव आणि दोन किलोमीटर चालत ये, एवढंच तर मागतेय. नाहीतर खरं काय ते लिही. बटाटे काढून झाले.

वाट बघणारी,
ताई

कार्लस्टाड, १४ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. न.

ओरडू नकोस. जुलैत दुकानात खारवलेल्या हेरिंग माशांच्या बरण्यांसमोर मी चक्कर येऊन पडलो. सात बरण्या फुटल्या. वाटलं, आता या वासातच जायचं. डॉक्टरांनी गळ्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवलाय. हृदय रेंगाळलं की तो विजेची बारीकशी टिचकी मारतो. मोबाइल गाडीत ठेवीन गं, पण हा कुठे ठेवू?

तुझा,
एवाल्ड

जंगलातून, १९ सप्टेंबर

गाढवा, आशीर्वाद.

जुलैत पडलास आणि मला सप्टेंबरात कळतं. फोन नको म्हणाले होते मी, बातमी नको असं नाही. अठ्ठावीसला मुकाट्याने ये. तू अंगणाच्या एका टोकाला बस, मी दुसऱ्या टोकाला. ओरडून बोलू. ऐकायला इथे एल्क हरणांशिवाय कोणी नाही.

ताई

कार्लस्टाड, २ ऑक्टोबर

ती. ताईस शि. सा. न.

सुखरूप पोचलो. घसा बसलाय. आईच्या दुखण्यात कोणी किती केलं यावरून आपण इतक्या वर्षांनी भांडलो, तेही अंगणाच्या दोन टोकांवरून, त्याने बरं वाटलं. मग पाऊस आला, तुझा केक भिजला आणि तू सरळ येऊन माझी बाही धरून मला आत ओढलंस. चुलीपाशी माझ्या सदऱ्यावर कान ठेवलास नि म्हणालीस, "चालतंय की नीट." हिल्मा गेली, माझा संसार संपला, तेव्हापासून इतकं जवळ कुणी आलं नव्हतं.

निघताना डोकं दुखतंय का विचारलं, तर तू माझ्या हातात बटाट्यांची पिशवी दिलीस. आता खरं सांग.

तुझा,
एवाल्ड

जंगलातून, ८ ऑक्टोबर

चि. एवाल्डला आशीर्वाद.

दुखलं. तीन दिवस दुखलं. दुसऱ्या दिवशी तर अंथरुणातून उठवेना.

नाताळात ये, आणि चार दिवस राहायच्या बेतानेच ये.

तुझी,
ताई