डाव्या डोळ्याचं काय झालं

दादास, धाकटीचा वाकून नमस्कार.

उजवा डोळा सावरला, त्याची काळजी नको. डाव्याला मात्र थेंबांचा आणि किरणांचा उपचार लागू पडला नाही. बुबुळावरचा पडदा पातळच होत चाललाय.

डॉक्टरीणबाईंनी अश्रू तपासले. म्हणाल्या, "पडदा पोखरणारं द्रव्य डाव्या डोळ्याच्या अश्रूंत फार आहे. उपचार लागू पडला नाही यात तुमची चूक नाही."

रफूचं काम सुटलं. आता त्याच दुकानात कपड्यांच्या घड्या घालते.

तुझी छकुली अजून माझ्यासारखी डोळे चोळते का? तिला तपासून आण. हा आजार घराण्यात उतरतो म्हणे.

आईला फक्त उजव्या डोळ्याचं वाचून दाखव. नाहीतर 'मीच लक्ष दिलं नाही' म्हणत जेवण टाकेल. अक्षर वाकडं का, असं विचारलं तर घाईत लिहिलंय म्हणून सांग.

तुझी धाकटी