रमिलाची खीर

अक्का,

सुधारगृहात नव्या मुलीची रविवारची खीर जुन्या मुली घेतात. तीन महिने माझी खीर उषानं खाल्ली. परवा सातपुड्यातल्या पाड्यावरची रमिला आली. उषा म्हणाली, "आता हिची वाटी तू घे."

मार चुकवायला मी घेतली. रमिला रडली नाही. तिनं हळूच विचारलं, "गोड शे का?"

मला खाववेना. मी वाटी तिला परत दिली. उषानं सगळ्यांसमोर मला मारलं. आता आमच्या दोघींशी कुणी बोलत नाही.

पत्रं मॅडम वाचतात, म्हणून हे गादीखालीच राहील. रावेरला केळीच्या पॅकिंगमधून तुला सुट्टी मिळत नाही, ठाऊक आहे. तरी भेटीच्या वेळी मी फाटकाकडे बघत बसते. एकदा ये ना. रमिलाशीही बोल, तिला भेटायला कुणीच येत नाही.

तुझी,
भाविका