डाळ शिजेल ते पाणी

१४ फेब्रुवारी १९९९

आणखी एक मासोळी गेली! सकाळी बघतो तर टाकीच्या तळाशी आडवी. सहातल्या चार उरल्या.

औरंगाबादच्या दुकानदाराने आधीच बजावलं होतं — "चॉकलेट गुरामी आहे कंडक्टर साहेब, फार नाजूक जात. जालन्याच्या पाण्यात नाही टिकायची." झालं! मला कुणी 'नाही' म्हटलं की डोकं फिरतं. घेऊन आलो.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाणी हलकं हवं आणि रंगाने कोऱ्या चहासारखं. रंग जमला. शाळेच्या आवारातली देशी बदामाची वाळलेली पानं आणून टाकली, पाणी मस्त तांबूस झालं. पण शेवटी पाणी बोअरचंच! बादलीला आठ दिवसांत पांढरा थर धरतो, तिथं या बिचाऱ्यांचं काय होत असेल.

माय म्हणाली, "किती घान पानी ठिवलंय. आन् मासे कढईत असतेत, काचंत कामून?"

१७ फेब्रुवारी

मायने आज पुन्हा अर्धी भाकरी ताटात ठेवली. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर तिला वाटूरहून इथं आणलं, तेव्हापासून हेच. कपड्यांची पिशवी अजून खुंटीलाच, उघडलेली नाही. "वरनाला सोड्याचा वास येतो," म्हणते. आता यात बेबीनंदाचा काय दोष? बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजतच नाही. चिमूटभर सोडा टाकावाच लागतो. बायको सासूचं ऐकून घेते, आणि मी दोघींच्या मधे.

गावी एकटी ठेवली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. आणि लोकांचं सोडा — मलाच भीती वाटते. रात्री-बेरात्री पडली तर कोण आहे तिला? ती इथंच राहिली पाहिजे. बस्स.

१९ फेब्रुवारी

सुचलं! डाळ शिजत नाही ते पाणी जड. शिजते ते हलकं. एवढी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर मासे मारत बसलो!

आपली गाडी रोज मंठ्याला जाते. वाटेतल्या गावागावांतून एकेक क्यान पाणी आणायचं आणि घरी डाळ टाकून बघायची. ड्रायव्हर भुजंग खो-खो हसला. "तिकिटं फाडायची सोडून पानी भरून राह्यला का? मंग क्यानचं बी तिकीट फाड!"

२३ फेब्रुवारी

चार पातेली, चार पाणी, प्रत्येकात मूठभर डाळ. बिनसोड्याची. मायने बेबीनंदाला गॅसजवळ फिरकू दिलं नाही, स्वतः पळी घेऊन उभी. तीन पातेल्यांत डाळ कडकड वाजत राहिली. चौथ्यात लोण्यासारखी विरघळली.

मायने पळीभर पाणी फुंकून तोंडात घेतलं. माझ्याकडं बघितलं. "हे आपल्या हिरीचं हाय."

मी सांगितलं नव्हतं! खरंच वाटूरच्या आमच्याच विहिरीचं होतं.

त्याच डाळीचं वरण केलं. माय दोन भाकरी जेवली. मी नुसता बघत राहिलो, माझ्या ताटातलं निवून गेलं.

५ मार्च

रोज थोडं थोडं करून टाकीतलं पाणी बदललं. मासे आता कोपऱ्यात दडत नाहीत. अंगावरचे फिकट पट्टे काय खुललेत! माय स्टूल घेऊन टाकीसमोर बसते. मला वाटतं ती रुळली.

८ मार्च

मोठी गुरामी खात नाही. हनुवटी सुजलीय — भुजंगच्या गालात तंबाखू असते तशी. बूथवरून दुकानदाराला फोन केला. खात नाही एवढंच सांगितलं, मागे रांग होती. "थोडं मीठ टाका."

मीठ मुठीत घेतलं तर मायने मनगटच धरलं. "जल्दी कामून करतो? आजारी मानूस असं ताठ पोहतंय का? पुन्यांदा इचार."

चिडलो, पण गेलो. या वेळी सुजेचं सांगितलं. तिकडून दुकानदार ओरडलाच — "अहो, अंडी धरलीत तिनं तोंडात! पिल्लं निघेपर्यंत तोंडातच सांभाळते ही जात. मीठ टाकलं नाही ना?"

नाही टाकलं. थोडक्यात वाचलो!

२० मार्च

पिल्लं!! नखाएवढीसुद्धा नाहीत. मी नऊ मोजली, बेबीनंदा म्हणते अकरा. सगळे टाकीला नाक लावून बसलो होतो. मायने पेढे आणायला लावले. असा दिवस या घरात दादा गेल्यापासून आला नव्हता.

२१ मार्च

मायने खुंटीवरून पिशवी काढली.

"आता जाते मी." मी म्हटलं, का? आता तर जेवतेस, हसतेस! म्हणाली, "तुझे मासे पानी बदललं की खूष. मला निस्तं पानी आनून भागत न्हाई, बाबा. मला हीर लागती, गल्ली लागती, बोलायला शेजारची चतुराबाई लागती. इथं मी दिवसभर मासे बघून राह्यले."

मी ओरडलो. नको ते बोललो. बेबीनंदा हळूच म्हणाली, "जाऊ द्या त्यांना." तिच्यावरही ओरडलो. मला वाटलं होतं, मी जिंकलो.

२३ मार्च

माझ्याच गाडीने नेऊन सोडली. पुढच्या सीटवर बसली आणि हात पुढं केला. "धर्मराज, तिकीट फाड. फुकट येत न्हाई मी." फाडलं.

वाटूरला उतरली. जालन्यात भिंत धरून चालायची — इथं पिशवी खांद्याला लावून तरातरा निघाली. भुजंगने ती वळणाआड जाईपर्यंत गाडी हलवली नाही. नंतर मला सुटे पैसेही धड मोजता येईनात. डोळ्यांना दिसतच नव्हतं.

३१ मार्च

पिल्लं सगळी जिवंत. सांगायला घरात माय नाही.

२ एप्रिल

वाटूरची मुक्कामी गाडी डेपोत कुणालाच नको असते. रात्र खेड्यात काढा, पहाटे परत फिरा. आज साहेबांकडे जाऊन ती ड्यूटी मागून घेतली. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "स्वतःहून? भांडलात का काय घरी?"

म्हटलं, नाही साहेब. घरीच चाललोय.