शेगडी अंगणातच होती

प्रिय चिरंजीव,

‘प्रिय’ हा शब्द पत्राच्या रीतीप्रमाणे लिहिला आहे; त्यावरून माझा राग ओसरला, असा समज करून घेऊ नये. फोन मी करणार नाही. मागच्या खेपेस केला तेव्हा तू “कामात आहे” म्हणून मध्येच बंद केलास आणि मी तुझ्या आत्याच्या स्वयंपाकघरात मुक्या फोनशी बराच वेळ बोलत राहिलो. आत्या हसली. या वयात धाकट्या बहिणीने तोंडावर हसावे, या पायरीला तू मला आणून ठेवले आहेस. म्हणून हे पत्र आपल्याकडे फर्निचरला पॉलिश करायला येणाऱ्या पॉलिशवाल्याच्या हाती देत आहे. तू ते संपूर्ण वाचेपर्यंत त्याने तुझ्यासमोरून हलायचे नाही, असे त्यास बजावले आहे. “मला टपालवाला केलंत की हवालदार?” असे त्याने विचारले. दोन्ही, असे मी सांगितले.

आपली सुतारकामाची शेड रात्रीतून जळाली, त्या सकाळी तू जागामालकास व शेजारच्या गादीवाल्यास सांगितलेस, “बाबांची सरसाची शेगडी चालू राहिली. वय झालंय, लक्षात राहत नाही.” मी तेथेच उभा होतो, ओल्या राखेत घोट्यापर्यंत. चारचौघांत स्वतःच्या मुलास खोटा पाडणे मला जमले नाही. माझ्या त्या गप्प राहण्याचा अर्थ लोकांनी काय घेतला, हे मला ठाऊक आहे, तुलाही आहे. गादीवाल्याने तर माझ्या खांद्यावर हात ठेवून “होतं असं, काका” म्हटले. त्याचा निम्मा कापूस जळाला होता आणि तो मला धीर देत होता. तो हात अजून खांद्यावरून उतरलेला नाही.

लाकूड चिकटवायचा सरस वितळवून झाला की मी शेगडी विझवतो, उचलून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर नेऊन ठेवतो आणि ती गार होईपर्यंत तिच्यावर अधूनमधून तळवा ठेवून पाहतो. लहानपणी तू सर्वांना सांगत फिरायचास की बाबा शेगडीला ताप आलाय का बघतात. आगीच्या आदल्या संध्याकाळीही मी तसेच केले होते. आग विझल्यावर शेगडी दगडावर जशीच्या तशी होती, तिच्या पत्र्यावर काजळीचा नवा डागसुद्धा नव्हता. तू ती पाहिलीस. आणि मग पायाने सरकवून पाण्याच्या पिंपामागे ढकललीस. आग लागणे मी समजू शकतो. ते पाय लावणे मी समजू शकत नाही.

काय पेटले, ते आपण दोघे जाणतो. कॉर्डलेस ड्रिल आणले तेव्हा माझा विरोध नव्हता, हे न्यायाने लिहितो. पायांत वायर येत नाही, शिडीवर चढताना ओझे होत नाही. मला ते यंत्र आवडले होते. दुकानदाराने काउंटरवर आपल्या दोघांनाही नीट सांगितले होते: बिट बदलण्याआधी बॅटरी काढा, चार्जर तिचाच वापरा, पडलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका आणि चार्जिंगला लावून निघून जाऊ नका. तू नंदीबैलासारखी मान हलवत होतास. आठवडा गेला नाही तोच बॅटरी आत ठेवून बिट बदलायला गेलास, बोट खटक्यावर पडले आणि बाही कोपरापर्यंत पिळली गेली. कापड फाटले म्हणून हात वाचला. तू हसलास व बायकोला म्हणालास, “शर्ट जुनाच होता.”

पुढे कपाटांच्या कामावर शिडीवरून पिशवी पडली आणि दोन्ही बॅटऱ्या दगडी पायरीवर आपटल्या. एकीचा कोपरा तडकला. तू तिला चिकटपट्टी गुंडाळलीस, जणू गुडघा खरचटला होता. चार्जरची पिन मोडली तेव्हा मेव्हण्याचा भलताच चार्जर घेऊन आलास. बसतो ना, मग झालं, हे तुझे शास्त्र. आगीच्या आदल्या संध्याकाळी तीच बॅटरी कामाच्या टेबलावर, रंध्याच्या छिलक्यांत चार्जिंगला लावलेली मी पाहिली व काढ म्हणून सांगितले. “काढतो हो, तुम्ही व्हा पुढे.” कुलूप तू लावलेस. मी पुढे झालो होतो.

आता जागामालक नवी शेड देण्यास तयार आहे, पण म्हाताऱ्याने आत पाऊल ठेवायचे नाही, या अटीवर. तू ती अट मान्य केलीस. मला विचारलेदेखील नाहीस. पिशवी भरून ठेवलेली तेवढी दिसली. ज्या हाताने तुला रंधा धरायला शिकवला, तो हात आता आत्याकडे लसूण सोलतो. तेही मी सोसले असते आणि हे पत्र लिहिले नसते.

परंतु आज सूनबाई चिमणीला घेऊन आल्या होत्या. शेड तयार होईपर्यंत तू घरीच काम करतोस आणि चार्जर चिमणीच्या पलंगाशेजारच्या फळीवर असतो, असे बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघाले. त्याच पिशवीतली दुसरी बॅटरी फुगली आहे, ड्रिलमध्ये बसवताना ठोसा मारावा लागतो. त्यांनी ती अंगणात नेऊन ठेवली, तर तू “बाबांनी शिकवलं का?” म्हणत परत आणलीस. तुझी अडचण माझ्या ध्यानात आली आहे. ही बॅटरी वाईट म्हटली, तर पहिली कशी होती, असे सूनबाई विचारतील. मग जागामालक विचारील. तुला खरे बोलायला लावण्याइतका वेळ मजजवळ नाही, त्या फळीखाली माझी नात झोपते. म्हणून मी स्वतः जागामालकाकडे व गादीवाल्याकडे जाईन आणि शेगडी मीच आत विसरलो, असे स्पष्ट शब्दांत सांगेन. मग कोणी तुला काही विचारणार नाही. पॉलिशवाल्याबरोबर लोखंडी बादलीत कोरडी वाळू पाठवली आहे. बॅटरी गरम लागली तर हात लावू नकोस, दोघींना घेऊन बाहेर पड आणि अग्निशामकला फोन कर. थंड असेल तर त्याच्यादेखत प्लग काढ, ती वाळूत ठेव आणि बादली घरापासून दूर, उघड्यावर ने. टोचू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानदाराला बोलावून त्याच्या ताब्यात दे. पॉलिशवाल्याने परत येऊन ‘झाले’ म्हटले की मी चप्पल पायात घालीन. तो येईपर्यंत दारातच बसलो आहे.

तुझाच,
बाबा