कोपर मोकळं झालं, माय

माय, आज सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. दोन ओळी लिहिते, उठते, दारापर्यंत जाते, उजवा हात वाकवते, सरळ करते, परत येऊन बसते. डॉक्टरांनी बजावलंय, हात थांबला की पुन्हा आखडेल. पण हाताचं निमित्त आहे. चैन मलाच नाही.

मागच्या वर्षी लोणारला बाजारातून येताना स्कूटी घसरली आणि कोपर मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात काटकोनात अडकून बसला होता. ब्लाउज शिवणारी बाई मी, आणि सुई डोळ्यांजवळ आणता येईना. घास तोंडापर्यंत पोचेना, तोंडच ताटाकडे न्यावं लागायचं. पहिल्यांदा तशी वाकले आणि तू दिसलीस.

दुसरबीडकडच्या आपल्या घरात, चुलीपाशी, भिंतीकडे तोंड करून तू डाव्या हातानं जेवते आहेस. कापसाच्या गाडीवरून पडलीस, त्यानंतर बाबा तुला हाडवैद्याकडेच नेत राहिले. तो गरम तेल लावून तुझं कोपर जोरानं ओढायचा, चोळायचा. बाबा तुझे खांदे दाबून धरायचे आणि तू पदर दातांत धरायचीस. शेवटी हात लाकडासारखा झाला, आणि तू गेलीस तोवर तसाच राहिला. भाकर थापताना तू खांद्यापासून अख्खी हलायचीस. एकदा मी घास करून तुझ्या तोंडाशी नेला, तर तू माझा हात झटकलास. "मी काय लेकरू हाय काय? जेव गुमान!" आणि लगेच त्याच ताठ हातानं मला जवळ ओढलंस. कोपराचं हाड माझ्या पाठीत रुतलं होतं, पण मी हलले नाही.

जालन्याच्या डॉक्टरांनी एक्सरे दाखवून समजावलं. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसलंय, पुढच्या बाजूला नको तिथे हाड वाढलंय. आवरण कापून सैल करायचं, ते हाड काढायचं. करंगळीकडे जाणारी नस जवळच असते, तिला धक्का लागू शकतो, हेही सांगितलं. "ऑपरेशन हे अर्धंच काम. उरलेलं तुम्हाला करायचंय." ते उरलेलं काय असतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. व्यायाम करून घेणारी पोरगी हळूहळू हात वाकवायची आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. "ताई, श्वास सोडा. रडा, पण हात सैल ठेवा." मी रडले, तिला घालूनपाडून बोलले, आणि पुन्हा हात पुढे केला. आता हात तोंडापर्यंत जातो, कपाळाला लागतो. खांद्याला मात्र टेकत नाही, आणि करंगळीला अजून मुंग्या येतात. पण मशीन पुन्हा सुरू झालीये.

शेवटच्या तपासणीला मी डॉक्टरांना तुझ्या हाताचं सांगितलं. विचारलं, तिचा झाला असता का मोकळा? ते म्हणाले, "बघितल्याशिवाय कसं सांगणार? पण जोरानं चोळून हाड वाढलं असेल, तर बहुतेक झाला असता. तेव्हाही मोठ्या शहरांत हे ऑपरेशन करतच होते." आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मी बसस्टँडवर आले, लोणारची गाडी लागली, सुटली, आणि मी फलाटावर नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले.

परवा बाबा हात बघायला आले. आता फार थकलेत, कानानंही कमी ऐकू येतं. मला समोर बसवून जेवायला लावलं. घास वर जाताना माझ्या कोपराकडे बघत राहिले. स्वतःच्या ताटातली भाकर तशीच.

"हे आपरेशन तवा होतं का वं?"

"नाही बाबा. आता आता निघालं."

"तुया मायच्या वक्ताले नव्हतं?"

"नव्हतं."

"पक्कं नं?"

"हाव बाबा, पक्कं. डॉक्टरले इचारलं म्या."

त्यांनी भाकर मोडली. सगळी खाल्ली, पाणी प्यायले, आणि तिथेच हात उशाला घेऊन झोपले. कितीतरी दिवसांनी त्यांना असं गाढ झोपलेलं पाहिलं.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, ते मला कळतं. पण त्या दिवसापासून जिवाला स्वस्थता नाही. हात तुझा होता, माय. ते सगळं तू सोसलंस. आणि तुला न विचारता मीच त्यांना माफ करून टाकलं.